तहकुबीचा शनिवार

हॉकी विश्वचषकाच्या विजयाला २०२५ साली पन्नास वर्षं झाली, त्यानिमित्त आमच्या पेठेतल्या क्रीडा मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं. मंडळात हॉकी कोणीही खेळत नाही. कॅरम, खो-खो आणि भांडण हे आमचे तीन मुख्य खेळ. पण अध्यक्ष आमचे दादा, आणि दादांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला वैद्य लागतो. मला त्यांनी एक पान दिलं : ‘आवाजाचा बादशहा जसदेव सिंग’. मथळासुद्धा त्यांचाच. वर माहितीचे कागदही दिले. “तू फक्त शुद्धलेखन बघ,” म्हणाले.

तेवढंच बघितलं असतं तर आमच्या घरात सध्या जी शांतता नाही ती असती.

पहिल्याच ओळीत होतं, ‘पंजाबच्या मातीत वाढलेला हा सरदार’. आता पगडी दिसली की पंजाब, हा आपला जुना भूगोल आहे. जसदेव सिंग होते राजस्थानचे. १९५५ साली आकाशवाणीत लागले ते जयपूर केंद्रावर, आणि १९६३ साली दिल्लीला आले. मी पंजाब खोडला. दादांनी मान डोलावली. एका राज्याची अदलाबदल त्यांना परवडण्यासारखी होती.

दुसरी ओळ : ‘ऑलिंपिक पदकाचे मानकरी’. हे वाचून मी चमकलो. समालोचकाला पदक कुठल्या खेळात मिळतं? शोधता शोधता कळलं की त्यांना मिळाली होती ‘ऑलिंपिक ऑर्डर’, ऑलिंपिक चळवळीचा मोठा सन्मान. सामारांच अध्यक्ष होते त्या काळातली गोष्ट. ‘ऑर्डर’चं मराठी करताना कोणीतरी पदक केलं, आणि पदक म्हटल्यावर हातात हॉकी स्टिक यायला कितीसा वेळ लागतो! दादांच्या कागदांत पुढे ‘उमेदीच्या काळात स्वतः उत्तम खेळाडू’ असं आलंच होतं. तेही गेलं. पद्मश्री १९८५, पद्मभूषण २००८, हे मात्र पक्कं निघालं. नऊ ऑलिंपिक, आठ हॉकी विश्वचषक आणि सहा आशियाई स्पर्धा असा हिशेब सगळीकडे सापडतो. मी बोटं मोजून पाहिली. मेक्सिकोपासून सिडनीपर्यंत, म्हणजे १९६८ ते २०००, नेमकी नऊ ऑलिंपिकं भरतात. एका माणसाच्या उमेदीत बसणारा आकडा आहे. राहू दिला.

मग आलं ‘दूरदर्शनमध्ये पस्तीस वर्षं नोकरी’. हे वाक्य इंग्रजी मृत्युलेखांतही असंच फिरत असतं, कोणी उलटून बघत नाही. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं १ एप्रिल १९७६ ला. त्याआधी दोघांचा संसार एकाच चुलीवर होता. आता १९६३ पासून पस्तीस वर्षं मोजली तर येतं १९९८, आणि तेव्हा गृहस्थांचं वय सदुसष्टच्या आसपास. २५ सप्टेंबर २०१८ ला ते गेले तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते, त्यावरून मागे मोजलं. सरकार सदुसष्टाव्या वर्षी शिपायालासुद्धा ठेवत नाही. म्हणजे पस्तीस वर्षं टिकला तो आवाज, नोकरी नव्हे. लाल किल्ल्यावरचं १५ ऑगस्टचं आणि राजपथावरचं २६ जानेवारीचं वर्णन ते १९६३ पासून करत होते. एका अख्ख्या पिढीला झेंडा दिसायच्या आधी त्यांच्या आवाजात ऐकू यायचा.

एका गोष्टीला मात्र हात लावावासा वाटला नाही. गांधीजींच्या अंत्ययात्रेचं मेलविल डिमेलो यांनी केलेलं इंग्रजी वर्णन रेडिओवर ऐकून या पोराने आईला सांगितलं, मी हिंदीत कॉमेंट्री करणार. ही हकीकत ते स्वतःच सांगत. तारखा जुळतात. ३१ जानेवारी १९४८, आणि वय सोळा-सतरा. त्या वयात आम्ही आईला काय काय सांगितलं होतं ते आठवून मी पुढच्या परिच्छेदाकडे वळलो.

आणि तिथे संसद होती.

‘१९७५ च्या अंतिम सामन्याचं जसदेव सिंग यांचं समालोचन ऐकता यावं म्हणून पंतप्रधान इंदिरा गांधींनी संसदेचं कामकाज तहकूब केलं.’ ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. मी तर ती जेवणाच्या पाटावर ऐकत वाढलो. पण हातात लाल पेन होतं आणि ते सुटलं होतं. अंतिम सामना झाला १५ मार्च १९७५ ला, क्वालालंपूरच्या मर्डेका स्टेडियममध्ये. जुनं कॅलेंडर काढलं. शनिवार!

लोकसभा शनिवारी एरवी बसत नाही. बसायची तर ते मुद्दाम ठरवावं लागतं. शिवाय सभागृह तहकूब करणं पंतप्रधानांच्या हातात नसतं, ते अध्यक्षांचं काम. तेव्हा अध्यक्ष होते गुरदयाल सिंग धिल्लाँ, म्हणजे तेही सरदारजी. हॉकीसाठी त्यांनी घंटा वाजवली असती तर निदान शोभलं असतं. पण गोष्टीत त्यांचं नाव कोणी घेत नाही. गोष्टीला इंदिराबाईच लागतात. मी ओळीवर रेघ मारली आणि समासात लिहिलं : ‘लोकसभेच्या छापील कामकाजातलं पान दाखवावे.’

त्या दिवशी दादा पहिल्यांदा जेवले नाहीत.

याचं कारण संसद नव्हे. आमच्या घरात या गोष्टीला एक शेपूट आहे. बाबा बँकेत कारकून होते. त्या दिवशी म्हणे त्यांच्या मॅनेजरने, ‘दिल्लीत संसद बंद, तर आपण कशाला उघडी ठेवायची?’ असं म्हणून बँक बंद केली. बाबा घरी आले. दादा अकरा वर्षांचे, मी दुसरीत. बाबांनी ट्रान्झिस्टर कपाटावरून काढला, वर्षाचं लायसन पोस्टात भरून त्याला फक्त बातम्या ऐकवणारे आमचे बाबा! झाहिदने पाकिस्तानचा गोल केला तेव्हा ते काही बोलले नाहीत. सुरजितने बरोबरी केली तेव्हा त्यांनी दादांचा खांदा धरला. ध्यानचंदांच्या मुलाने, अशोककुमारने दुसरा मारला आणि पाकिस्तानी खेळाडू चेंडू आत गेलाच नाही म्हणून पंचांभोवती जमले, तो सगळा गोंधळ जसदेव सिंग धापा टाकत सांगत होते आणि बाबा उभे राहिले होते. दोन-एक. बाबांनी दादांना उचललं. अकरा वर्षांच्या घोड्याला! बाबांनी दादांना उचलल्याची ही एकमेव नोंद आहे, आणि मी तिच्यावर लाल रेघ मारली होती. कारण शनिवारी बँक अर्धा दिवसच असायची. मॅनेजरने काहीही बंद केलं नव्हतं, ती आपोआप बंद झाली होती.

शेजारचे काका मध्यस्थीला आले. म्हणाले, “वाद कशाला? मी स्वतः ती मॅच दादरला मेव्हण्याकडे टीव्हीवर रंगीत बघितली.” रंगीत टीव्ही आपल्याकडे १९८२ साली आला हे मी त्यांना सांगितलं नाही. एका दिवसात दोन म्हातारे दुखवू नयेत.

माझीही एक चूक झाली, ती सांगून टाकतो. मलेशिया आपल्या अडीच तास पुढे, असं धरून मी सामन्याच्या वेळा लावत बसलो होतो. पण तिथली घड्याळं १९८२ च्या आरंभी अर्धा तास पुढे केली गेली. १९७५ साली फरक दोनच तासांचा होता. दादांनी हे नातवाकडून शोधून घेतलं आणि दोन दिवस मला पुरवून पुरवून ऐकवलं. मला बरं वाटलं. निदान बोलायला तरी लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते मध्येच थांबले.

“शनिवार नक्की?”

“नक्की.”

“पण शनिवारी बाबा घरी कुठे यायचे? बँक सुटली की तसेच वखारीत. रात्री आठपर्यंत शेठच्या खतावण्या लिहायचे. तुझ्या शाळेची फी त्यातून जायची.”

मी कप खाली ठेवला. खरंच की. शनिवारी बाबा रात्री यायचे, बोटांना शाई लागलेली असायची, आणि आई ताट झाकून ठेवायची.

“म्हणजे मॅनेजरने नाही,” दादा म्हणाले. “त्यांनीच दांडी मारली.”

“आणि बोलायला नको म्हणून मॅनेजरचं नाव सांगितलं. आईला.”

दादांनी स्मरणिकेचा कागद ओढला, संसदेच्या ओळीवर माझ्याहून जाड रेघ मारली आणि मोकळ्या जागेत काय घालायचं ते विचारलं. मी म्हटलं, जाहिरात घाला. त्याच वखारीची मिळाली, आता नातू चालवतो. अर्धं पान, पैसे रोख.