न्यू हँपशरची प्राथमिक निवडणूक आणि प्रादेशिक वृत्तपत्रे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षीय उमेदवार ठरविण्यासाठी घटक राज्यांत मतदारांचा जो प्रत्यक्ष कौल घेतला जातो, त्यास प्राथमिक निवडणूक म्हणतात. ईशान्येकडील न्यू हँपशर ह्या लहान राज्यात ती प्रथम १९१६ मध्ये झाली व १९२० पासून तिला देशात अग्रक्रम मिळाला. तथापि सुरुवातीस मतदार केवळ पक्षाधिवेशनाचे प्रतिनिधी निवडीत. १९४९ च्या कायद्याने उमेदवारांची नावे मतपत्रिकेवर आली आणि १९५२ मध्ये आयझनहौअर ह्यांनी टॅफ्ट ह्यांचा व कीफॉव्हर ह्यांनी विद्यमान राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांचा येथे पराभव केल्यावर देशाचे लक्ष ह्या राज्याकडे वेधले गेले.

राज्यभर खपणारे प्रमुख दैनिक म्हणजे मँचेस्टरचे ‘युनियन लीडर’. १९४६ मध्ये ते विल्यम लोब ह्यांच्या मालकीचे झाले. कडव्या पुराणमतवादी मतांचे लोब पहिल्या पानावर स्वतःच्या सहीचे अग्रलेख छापीत आणि न रुचणाऱ्या उमेदवारांवर अत्यंत बोचरी टीका करीत. राज्याचा आवाज म्हणून मिरविणाऱ्या ह्या पत्राचे मालक स्वतः मात्र मॅसॅचूसेट्समध्ये राहत. राजधानीतील ‘काँकर्ड मॉनिटर’चा सूर बराच वेगळा होता, पण बाहेरून येणारे वार्ताहर लोब ह्यांचेच अग्रलेख हे स्थानिक जनमत समजत. हा समज फारसा साधार नव्हता. लोब ह्यांनी पुरस्कारिलेले टॅफ्ट १९५२ मध्ये, गोल्डवॉटर १९६४ मध्ये व रेगन १९७६ मध्ये येथे पराभूत झाले. १९६४ चे विजेते हेन्री कॅबट लॉज तर त्या वेळी व्हिएटनाममध्ये राजदूत होते. मतदारांनी त्यांचे नाव मतपत्रिकेवर स्वहस्ते लिहून त्यांना निवडले.

वृत्तपत्राचे खरे सामर्थ्य १९७२ मध्ये दिसले. शेजारच्या मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की हे डेमॉक्रॅटिक पक्षाचे आघाडीचे उमेदवार होते. मँचेस्टरच्या कापडगिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या फ्रेंच-कॅनडियन वंशाच्या लोकांची मते त्या पक्षास महत्त्वाची होती. २४ फेब्रुवारी रोजी ‘युनियन लीडर’ने फ्लॉरिडाहून आलेले म्हणून एक पत्र छापले. ह्या लोकांना हिणवणाऱ्या ‘कनक’ ह्या शब्दाला मस्की हसले, असा त्यात आरोप होता. दुसऱ्या दिवशी मस्की ह्यांच्या पत्नीविषयीचा अनुदार मजकूर पुनर्मुद्रित झाला. २६ फेब्रुवारीस भर हिमवर्षावात वृत्तपत्राच्या कचेरीसमोर ट्रकवर उभे राहून मस्की ह्यांनी लोब ह्यांना भेकड म्हटले. बोलताना त्यांचा कंठ दाटून आला. त्यांच्या गालांवर अश्रू होते, असे राष्ट्रीय वृत्तपत्रांनी लिहिले. ते वितळलेले हिम होते, असे मस्की ह्यांचे म्हणणे.

७ मार्चच्या मतदानात मस्की ह्यांना सुमारे ४६ टक्के, तर मॅक्‌गव्हर्न ह्यांना ३७ टक्के मते पडली. म्हणजे राज्यातील मतदारांनी मस्की ह्यांनाच पहिले स्थान दिले होते. परंतु त्यांना ५० टक्क्यांहून अधिक मते मिळतील, असे राजकीय भाष्यकारांनी आधीच गृहीत धरले असल्यामुळे हा विजय पराभवासमान मानला गेला व त्यांची उमेदवारी ढासळत गेली. लोब ह्यांनी मस्की ह्यांना हरविले, ही रूढ समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागते: आघात स्थानिक पत्राचा होता, पण त्याचा अर्थ लावला तो बाहेरच्यांनी. पत्राचा लेखक कधीच सापडला नाही. ते राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांच्या गोटातून रचले गेल्याचे वृत्त ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिले.

१९८० मध्ये ‘नॅशुआ टेलिग्राफ’ ह्या दैनिकाने रेगन व बुश ह्या दोघांचाच वादविवाद योजला. वृत्तपत्राने खर्च करण्यास कायद्याची हरकत निघाल्याने तो भार रेगन ह्यांच्या बाजूने उचलला गेला. इतर उमेदवारांनाही बोलू द्यावे, असा आग्रह रेगन धरीत असता संपादकाने त्यांचा ध्वनिक्षेपक बंद करण्यास सांगितले. तेव्हा त्याचे पैसे आपण भरले आहेत, असे त्यांनी ठणकावले. तीन दिवसांनी रेगन मोठ्या फरकाने विजयी झाले.

लोब १९८१ मध्ये निवर्तले. त्यांच्या पत्नी नॅकी ह्यांनी पत्र पुढे चालविले. १९९६ मध्ये त्याने पुरस्कारिलेले ब्यूकॅनन थोडक्यात विजयी झाले. एव्हाना मँचेस्टरच्या डब्ल्यूएमयूआर ह्या दूरचित्रवाणी केंद्राचे वजन वाढले होते. २०१६ मध्ये ‘युनियन लीडर’ने पाठिंबा दिलेले क्रिस्टी सहाव्या स्थानी राहिले.