सुवाह्य संगीतयंत्र, उच्च-विभेदनी : निवड (मावळ व लोणावळा परिसराच्या अनुषंगाने)

सुवाह्य संगीतयंत्र, उच्च-विभेदनी : अंकीय स्वरूपात साठवलेले संगीत कॉम्पॅक्ट डिस्कपेक्षा अधिक सूक्ष्म तपशिलासह वाजवू शकणारे, खिशात मावणारे, आणि स्वतःची साठवण, स्वतःची बॅटरी व हेडफोन समर्थपणे चालवणारा स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेले यंत्र. बाजारात त्यास ‘हाय-रेझ प्लेअर’ किंवा नुसते ‘डॅप’ म्हणतात. अशा यंत्राची निवड करताना जाहिरातींतून पुढे केल्या जाणाऱ्या आकड्यांना जे अग्रस्थान मिळते ते त्यांचे नव्हे. श्रोता काय ऐकतो, ते मूळ कोणत्या काळी व कोणत्या साधनाने मुद्रित झाले, आणि तो ते कोठे बसून ऐकतो, या तीन गोष्टींची खातरजमा आधी व्हावयास हवी. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, घाटमाथ्यावर वसलेले लोणावळे आणि त्याच्या पूर्वेस पसरलेली अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ही तीन खोरी या तिन्ही प्रश्नांना इतकी ठसठशीत उत्तरे देतात की, प्रस्तुत नोंद त्याच मुलखाच्या आधाराने लिहिली आहे.

या यंत्राची वंशावळ सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी विक्रीस आणलेल्या वॉकमनपासून सुरू होते. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने पाच गिगाबाइट साठवणीचा आयपॉड जाहीर केला. ध्वनीतील एकही अंश न गाळता त्याचा आकार कमी करणाऱ्या ‘फ्लॅक’ या मुक्त पद्धतीची पहिली पूर्ण आवृत्तीही त्याच वर्षीची. २०१२-१३ च्या सुमारास ॲस्टेल अँड केर्न, फिओ आणि सोनी यांनी उच्च-विभेदनी यंत्रे बाजारात आणली. मे २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले तेव्हा सामान्य श्रोत्याची गरज मोबाइल फोनने केव्हाच भागवली होती, आणि स्वतंत्र यंत्र काटेकोर श्रोत्यांपुरते उरले होते.

आकड्यांचा मामला थोडक्यात असा. १९८२ मध्ये विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदला जातो. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतची कंपने निर्दोषपणे परत मिळतात हे नायक्विस्ट व शॅनन यांच्या सिद्धान्तावरून ठरलेले असल्यामुळे, सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत पोहोचणाऱ्या मानवी श्रवणाची कक्षा त्यात सामावते. १६ बिटांमुळे अतिमंद व अतितीव्र ध्वनींमधील सुमारे ९६ डेसिबलांचे अंतरही टिपले जाते. याहून वरचे ते उच्च-विभेदनी, अशी व्याख्या २०१४ साली जपानी व अमेरिकी उद्योगसंस्थांनी केली. प्रत्यक्षात २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ ही परिमाणे रूढ आहेत. वाढीव परिमाणांचा कानाला किती लाभ होतो यावर वाद आहे. मेयर व मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत श्रोत्यांना भेद ओळखता आला नाही. उलट, जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या असता बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. नाणेफेकीच्या ५० टक्क्यांहून ते निश्चितपणे अधिक, पण किंचितच अधिक, आणि कान तयार केलेल्या श्रोत्यांच्या बाबतीत स्पष्टपणे वाढणारे. या सूक्ष्म भेदासाठी दुप्पट-तिप्पट किंमत मोजावी की नाही, हे श्रोत्याजवळच्या संग्रहावर अवलंबून आहे.

मराठी श्रोत्याचा संग्रह कसा असतो, ते पाहिले पाहिजे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हापासून पुढील अर्धशतक हिंदुस्थानी संगीत ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांत साठवले गेले. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेले केसरबाई केरकर यांचे भैरवीतील गायनसुद्धा साडेतीन मिनिटांतच संपते. १९२५ नंतरच्या विद्युत्-मुद्रणाने वरच्या कंपनांची मर्यादा बरीच वाढली. तरी त्या तबकड्यांतील संगीताचा उपयोगी भाग कॉम्पॅक्ट डिस्कच्या कक्षेच्या फार आतच राहतो. १९३७ मध्ये निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीची १९२ किलोहर्ट्झमध्ये केलेली प्रत स्वराला काडीइतकीही समृद्धी देत नाही. तिच्यात अधिक तपशिलाने येते ती सुईची खरखर. त्यानंतर आल्या दीर्घ ध्वनिमुद्रिका, स्पूलवर घेतलेली मैफलींची खासगी मुद्रणे, आणि १९७०-८० च्या दशकांत घरोघर पोहोचलेल्या कॅसेटी. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने काढलेल्या कॅसेटींनी या शेवटच्या टप्प्यात मराठी रसिकाचे घर समृद्ध केले. स्पूल व कॅसेट यांचे अंकीय रूपांतर करताना निदान २४ बिट व ४८ किलोहर्ट्झ हे परिमाण घ्यावे, अशी ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे आणि ती यथायोग्य आहे, कारण पुढे खरखर काढणे, वेग सुधारणे, पट्टी जुळवणे ही कामे त्या जादा तपशिलावरच होतात. जतनासाठी हे परिमाण अवश्य असावे. प्रवासात ऐकण्यासाठी मात्र त्याच मुद्रणाची कॉम्पॅक्ट डिस्कच्या परिमाणाची प्रत पुरते.

असे असूनही चांगले यंत्र घेण्यास आपल्या संगीतात सबळ कारण आहे, आणि ते तानपुऱ्यात दडलेले आहे. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या तारेतून मूळ स्वराबरोबर उच्च स्वयंभू नादांची एक दीर्घ, सतत पालटणारी रांग उमटते. ती गायकाच्या आवाजामागे अतिशय मंद पातळीवर तासभर वाहत असते. कमी दराच्या एमपी-३ मध्ये, प्रबळ ध्वनीआड लपणारा मंद ध्वनी गाळण्याचे जे तत्त्व वापरले जाते, त्याचा पहिला बळी हा नादच ठरतो : गायकाने दीर्घ षड्ज लावला की तानपुरा पाण्याखाली गेल्यासारखा वाटतो आणि षड्ज सुटला की पुन्हा वर येतो. टाळांचेही तसेच. मावळातील गावोगावच्या हरिनाम सप्ताहात पंचवीस-तीस टाळकरी एकदम गजर करतात तेव्हा काशाचा जो धारदार, विखुरलेला झणत्कार उठतो, तो हलक्या प्रतीच्या फायलीत नुसता फसफसाट होऊन येतो. पखवाजाच्या थापेच्या आधी क्षणभर तिचीच अस्पष्ट सावली ऐकू येते. यास्तव यंत्र पारखताना तंतुवाद्यांचे झगमगीत परदेशी नमुने लावण्यापेक्षा विलंबित ख्यालातील पहिली पाच मिनिटे आणि एखाद्या दिंडीतील भजन लावून पाहणे अधिक निर्णायक ठरते. येथे लाभ होतो तो ‘फ्लॅक’सारख्या अक्षत फायलींचा, १६ आणि २४ बिटांतला भेद त्यापुढे गौण आहे.

ऐकण्याचे स्थळ हा तिसरा प्रश्न. पुणे-लोणावळा लोकलचा सुमारे ६४ किलोमीटरांचा, सव्वा तासाच्या आसपासचा प्रवास एखाद्या रागाच्या साद्यंत विस्तारास नेमका पुरतो. शिवाजीनगरला सुरू केलेला बडा ख्याल तळेगाव-वडगावपर्यंत मध्यलयीत येतो आणि कामशेत, मळवली मागे टाकताना द्रुत रंगते. पण डब्यातील चाकांचा घरघराट व माणसांचा कोलाहल यांत ९६ डेसिबलांच्या कक्षेपैकी मंद बाजूचा मोठा हिस्सा बुडून जातो, आणि तो भरून काढण्यासाठी श्रोता आवाज वाढवीत नेतो. प्रौढांसाठी आठवड्यास ४० तास, ८० डेसिबल, अशी सुरक्षित श्रवणाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे; ती पाळावयाची तर बाहेरचा गोंगाट अडवणारे, कानात घट्ट बसणारे इअरफोन हाच उपाय, आणि यंत्रापेक्षा त्यांवर अधिक पैसा खर्चणे शहाणपणाचे. लोणावळ्याच्या पुढे, १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोर घाटाच्या लोहमार्गावर, ३७ फुटांस एक फूट अशा उतारात एकामागून एक बोगदे येतात आणि प्रत्येक बोगद्यात मोबाइलचे संकेत तुटतात. पवन मावळात तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी, किंवा राजमाचीच्या वाटेवर, ते संकेत बहुधा नसतातच. इंटरनेटवरून येणारे संगीत येथे भरवशाचे नसते. ते आधी उतरवून ठेवावे लागते, नाहीतर यंत्रातच साठवलेला स्वतःचा संग्रह असावा लागतो. या मुलखात स्वतंत्र संगीतयंत्राच्या बाजूने देता येणारे सर्वांत ठाम कारण हेच होय.

साठवणीचा हिशेब मग ओघानेच येतो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या परिमाणाचे एक तासाचे संगीत फ्लॅकमध्ये साधारणपणे ३५० मेगाबाइट, तर २४ बिट व ९६ किलोहर्ट्झचे सुमारे १.२ गिगाबाइट जागा घेते. २५६ गिगाबाइटच्या एका कार्डावर पहिल्या प्रकारचे सातशे, दुसऱ्या प्रकारचे दोनशे तास मावतात. म्हणून मेमरी कार्डाची खाच नसलेले यंत्र, ते कितीही सुबक असले तरी, ख्यालाच्या श्रोत्याने घेऊ नये. कार्ड एक्सफॅट पद्धतीने आखलेले असावे. जुन्या फॅट-३२ पद्धतीत एका फायलीस चार गिगाबाइटची मर्यादा असल्यामुळे १९२ किलोहर्ट्झची, न आकसलेली मैफल तासाभरानंतर तुकड्यांत मोडावी लागते.

तुकड्यांवरून आणखी एक बाब निघते, जिला विक्रेते क्वचितच महत्त्व देतात. प्रकाशित मुद्रणांत विलंबित आणि द्रुत या बहुधा दोन स्वतंत्र फायली असतात, आणि त्या दोहोंमधून तानपुरा अखंड वाहत असतो. यंत्रास फायली विनाखंड वाजवता येत नसतील तर त्या सांध्यावर नाद तुटतो, अर्ध्या सेकंदाची पोकळी पडते, आणि तासभर जमलेले वातावरण विस्कटते. पाश्चात्त्य गीतांच्या श्रोत्यास हा दोष वर्षानुवर्षे जाणवतही नाही; आपल्याकडे तो पहिल्याच दिवशी खुपतो. तसेच, दीड तासाची मैफल वडगावला उतरताना थांबवली तर दुसऱ्या दिवशी त्याच जागेपासून ती पुढे सुरू झाली पाहिजे. सूचीत गायकाबरोबर राग, ताल, साथीदार व मैफलीचे वर्ष यांवरून शोध घेता आला पाहिजे. १९५३ मध्ये भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातील गायन ज्याने वर्षवार लावले आहे, त्याला ‘अल्बम’ या एकाच कप्प्यात सर्व कोंबणारी सूची निरुपयोगी होय. देवनागरीची परीक्षा तर दुकानातच घ्यावी. स्वस्त, बंदिस्त प्रणालीच्या काही यंत्रांत अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी दिसतात. काहींत अक्षरे दिसतात पण जुळत नाहीत, ‘बिहाग’मधील पहिली वेलांटी ‘ब’च्या मागे जाऊन पडते आणि ‘मल्लिकार्जुन’ या नावातील जोडाक्षर पाय मोडून सुटे होते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या यंत्रांत हा प्रश्न सहसा येत नाही, मात्र ती बॅटरी अधिक खातात.

विद्युत्-बाजू संक्षेपाने. यंत्राचा अंतर्गत रोध हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा; १६ ओहमच्या इअरफोनसाठी दोन ओहम ही कमाल मर्यादा धरावी, नाहीतर स्वरांचा समतोल बिघडतो. ४.४ मिलिमीटरचा संतुलित जोड मोठ्या हेडफोनना अधिक जोर देतो, पण लहान इअरफोनसाठी अनिवार्य नाही. ब्लूटूथमधून ध्वनी आकसूनच जातो. सर्वोत्तम समजली जाणारी एलडॅक पद्धतदेखील सेकंदास ९९० किलोबिटांवर थांबते, तेव्हा उच्च-विभेदनी यंत्र घेऊन ते बिनतारी वापरणे म्हणजे मोजलेला दाम वाया घालवणे. फोनला यूएसबीने जोडावयाचा लहानसा डॅक (अंकीय संकेताचे हेडफोनला चालणाऱ्या विद्युत्-संकेतात रूपांतर करणारे उपकरण) हा पर्याय किमतीने बराच स्वस्त व गुणाने समाधानकारक असून, ज्यास फोनची बॅटरी संपण्याची आणि मध्येच येणाऱ्या कॉलची अडचण वाटत नाही त्याने तोच घ्यावा.

लोणावळ्याचा पाऊस हा निवडीतील स्वतंत्र निकष आहे. वर्षास चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे नवलाचा नाही, आणि जून ते सप्टेंबर घरांतील भिंती, कपडे, पुस्तके सारखी दमट राहतात. याच दमटपणाने कित्येक घरांतील कॅसेटींच्या फितीवर बुरशी चढली आणि ध्वनिमुद्रिकांची वेष्टने कुजली. वडगाव-तळेगावकडे पाऊस झपाट्याने उतरत जातो, तेथे ही चिंता कमी. उघड्या खाचांपेक्षा झाकण असलेली खाच, यांत्रिक चक्रापेक्षा घट्ट बसवलेली बटणे आणि ओल्या बोटांनी निकामी न होणारी नियंत्रणे असलेले यंत्र घाटमाथ्यावर अधिक टिकते. न वापरता ठेवावयाचे असल्यास बॅटरी निम्मी भरलेली ठेवून, शुष्ककारकाच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावे, आणि संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी असावी.

संग्रहाच्या वैधतेबद्दल : १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो, त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्यांच्या मुद्रणावरील हक्क संपला आहे, तरी त्यातील काव्य व संगीतरचना यांचे हक्क स्वतंत्रपणे तपासावे लागतात. खासगी मैफलींच्या प्रतींबाबत कलावंताची वा वारसांची संमती हाच सुरक्षित आधार होय.

खरेदीसाठी मावळच्या श्रोत्यास बहुधा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो, अथवा ऑनलाइन मागवावे लागते. दुकानी जाताना आपलेच कार्ड, आपलेच इअरफोन आणि वर सांगितलेली दोन मुद्रणे न्यावीत, आणि दोन यंत्रांची तुलना करताना दोहोंचा आवाज एकाच पातळीवर आणून घ्यावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक सरस भासतो. परदेशातून आलेल्या यंत्राची हमी भारतात चालत नसेल तर किमतीतील सवलत फसवी ठरते. हमीचा कागद, कर भरल्याची पावती, आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलून देणारे सेवाकेंद्र कोणत्या शहरात आहे याचा तपशील पैसे देण्यापूर्वीच मागून घ्यावा.