मेजावरून मुठीत

संगणकाचा इतिहास बहुधा आकाराच्या भाषेत सांगितला जातो. १९४६ साली फिलाडेल्फियात जगापुढे आलेल्या 'एनिॲक' या यंत्राचे वजन सुमारे ३० टन होते आणि त्यात १७ हजारांहून अधिक निर्वात नलिका होत्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला 'टिफरॅक' हाही नलिकांवरच चालणारा. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आला आणि दालनात राहणारे हे यंत्र सामान्यांच्या मेजावर स्थिरावू लागले. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे आयफोन सादर केला, आणि मेजावरचे यंत्र मुठीत मावू लागले. २०११ या वर्षात जगभर संगणकांपेक्षा स्मार्टफोन अधिक विकले गेले.

हा वृत्तांत खरा आहे; परंतु तो अपुरा आहे. यंत्र लहान होत गेले हे सर्वांना दिसते. त्या यंत्रापुढे बसणाऱ्या माणसाचे, विशेषतः मुलाचे, काम कसकसे बदलत गेले हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. ते पाहण्यासाठी आपण इंग्लंडमधील केंब्रिज या विद्यानगरीकडे वळू.

तेथील 'एकॉर्न' नावाच्या एका लहानशा कंपनीने १९८१ साली 'बीबीसी मायक्रो' हा संगणक तयार केला. जनतेला संगणकाची ओळख करून द्यावी, या हेतूने बीबीसीने आखलेल्या शिक्षणक्रमासाठी तो होता. हे यंत्र सुरू केले की पडद्यावर चित्रे नाचत नसत. एक-दोन ओळी उमटत आणि यंत्र स्तब्ध राहून आज्ञेची वाट पाहत असे. मुलाने 'बेसिक' भाषेत काही टंकलिखित केल्याखेरीज पुढे काही घडत नसे. पहिला शब्द माणसाचा, उत्तर यंत्राचे, असा तो क्रम होता. १९८४ साली भारत सरकारने शालेय संगणक साक्षरतेचा 'क्लास' हा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा आपल्या देशातील निवडक शाळांत आला तो हाच संगणक.

पुढे त्याच एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी नवी चिप रचली. ती स्वस्त प्लास्टिकच्या आवरणात बसवायची होती. म्हणून तिने फार तापता कामा नये, अर्थात वीजही फार खाता कामा नये, अशी अट होती. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली 'आर्म' चिप चालू झाली. तिचा वीजवापर मोजू गेले तर मापकावर शून्य! शोध घेता कळले की चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. भोवतालच्या मंडलांतून झिरपणाऱ्या प्रवाहावरच ती काम करीत होती. मेजावरच्या संगणकासाठी घडवलेल्या या मितव्ययी चिपचे मोल पुढे बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांना कळले. ॲपलचा 'न्यूटन', नोकियाचे मोबाईल आणि पुढे आयफोन व बहुतेक अँड्रॉइड फोन हे आर्मच्याच घराण्यातील चिपांवर चालले. शाळेतल्या संगणकाच्या वंशजानेच मेजावरच्या संगणकाला उठवले, असे म्हटले तरी चालेल.

मात्र या प्रवासात एक गोष्ट उलटी झाली. लहानशा, सोबत नेता येणाऱ्या संगणकाची कल्पना ॲलन के या अमेरिकन संशोधकाने १९७२ सालीच मांडली होती. 'डायनाबुक' हे तिचे नाव. ते मुलांनी केवळ पाहण्यासाठी नव्हते; त्यावर त्यांनी लिहावे, चित्रे काढावीत, स्वतःच्या आज्ञावली रचाव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. आकारापुरते ते स्वप्न साकार झाले. परंतु आजचा फोन उघडला की पहिला शब्द यंत्राचाच असतो. चित्रफिती, सूचना, संदेश आधीच सज्ज असतात. माणसाने बोट सरकवायचे एवढेच. आणि मुठीतल्या या यंत्रासाठी आज्ञावली लिहिणारे स्वतः मात्र अजूनही बहुतांशी कळफलक आणि मोठा पडदा घेऊन मेजापाशीच बसतात.

आपल्या देशापुरते पाहिल्यास 'फोनने संगणकाची जागा घेतली' हे विधानही जपूनच करावे लागेल. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात शंभरांपैकी जेमतेम साडेनऊ कुटुंबांत संगणक होता. उरलेल्या नव्वद घरांत रिकामी करावी अशी जागाच नव्हती. फोन हाच त्यांचा पहिला संगणक ठरला. त्याचे उपकारही मोठे आहेत. ज्यांनी कधी टंकयंत्राला हात लावला नाही, ती माणसे आज परगावच्या लेकरांना मराठीत पत्रे लिहितात. परंतु २०२० साली महामारीने शाळांना कुलूप घातले, तेव्हा या पहिल्या संगणकाची मर्यादाही उघडी पडली. 'असर' पाहणीनुसार २०१८ साली ग्रामीण भागातील ३६.५ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ साली हे प्रमाण ६७.६ टक्के झाले. तरीही घरी फोन असलेल्या मुलांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना तो अभ्यासासाठी हाती मिळत नव्हता. ज्यांना मिळाला, त्यांनीही तळहाताएवढ्या पडद्यावर फळा वाचला.

मग दोष लहान आकाराचा आहे काय? केंब्रिजनेच याचे उत्तर दिले. संगणकशास्त्र शिकू येणाऱ्या मुलांना आज्ञावली रचण्याचा पूर्वीसारखा सराव राहिलेला नाही, हे तेथील विद्यापीठात एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्यातून २०१२ साली 'रास्पबेरी पाय' जन्मास आला. बँकेच्या कार्डाएवढा, तेव्हा ३५ डॉलरांना मिळणारा, आर्म चिपवर चालणारा हा संगणक घरातल्या दूरदर्शन संचाला व एखाद्या कळफलकाला जोडला की कामास सिद्ध होतो. आकार फोनाहून लहान. परंतु वृत्ती जुन्या बीबीसी मायक्रोची. तेव्हा मुलाला प्रेक्षक करायचे की कर्ता, हे यंत्राच्या लांबीरुंदीवर ठरत नाही. ते यंत्र घडवणाऱ्याच्या हेतूवर ठरते, आणि आपल्या घरापुरते आपणावरही ठरते.

म्हणून मेजावरचा संगणक मागे पडला याची हळहळ आपण करू नये. दालनातली यंत्रे गेली, तशी मेजावरचीही जातील. जपायचे आहे ते मेज नव्हे, तर त्या मेजापाशी मुलाला मिळणारा पहिला शब्द. दिवसाकाठी घटकाभर तरी आपल्या मुलामुलींनी हातातल्या यंत्राला काही सांगावे: एखादा निबंध लिहावा, आजीकडून ऐकलेली गोष्ट नोंदवावी, लहानशी आज्ञावली रचून पाहावी. यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागेलच असे नाही. आपल्या फोनालाही साधा कळफलक जोडता येतो. त्याच्याशेजारी बसणारे एखादे वडीलधारे माणूस मात्र प्रत्येक घराने आपणच द्यावयाचे आहे.