मेंढीचा रोग, उंदराची साक्ष : प्रायॉनचे उपप्रकार कसे ओळखतात?

स्क्रेपी हा मेंढ्या-बकऱ्यांच्या मज्जासंस्थेचा प्राणघातक रोग आहे. इंग्लंडमध्ये त्याच्या नोंदी १७३२ पासून आढळतात. रोगट मेंढी खांबाला, कुंपणाला अंग घासत राहते. तिची लोकर झडते, चाल अडखळते आणि अखेरीस ती दगावते. भारतात हिमालयाच्या पायथ्याकडील दुर्गम भागातील मेंढ्यांत हा रोग आढळल्याची नोंद झ्लॉटनिक आणि कटियार या संशोधकांनी १९६१ मध्ये केली. मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यातल्या मोहगावसारख्या गावात अशी अंग घासणारी मेंढी दिसली, तर पहिला संशय खरजेचाच येईल आणि बहुधा तो खराही ठरेल. मात्र खरजेचे मूळ कातडीत, तर स्क्रेपीचे मेंदूत असते.

जंतूविना संसर्ग

या रोगास विषाणू वा जिवाणू कारणीभूत नसून शरीरातीलच एक प्रथिन कारणीभूत असते. त्याची घडी बिघडते आणि ते शेजारच्या निरोगी प्रथिनांनाही तशीच चुकीची घडी घालावयास लावते. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ले प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये त्यास ‘प्रायॉन’ हे नाव दिले. या संशोधनासाठी त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रायॉनचेही उपप्रकार असतात. विषाणूचा उपप्रकार त्याच्या जनुकीय क्रमावरून ओळखता येतो. प्रायॉनमध्ये वाचण्याजोगे जनुकच नसते. मेंढीच्या लक्षणांवरूनही निदान पक्के होत नाही, कारण त्यांवर मेंढीच्या स्वतःच्या जनुकांचा प्रभाव पडतो. म्हणूनच उंदराची मदत घ्यावी लागते.

घड्याळ आणि नकाशा

स्क्रेपी उंदरांत संक्रमित होऊ शकतो, हे चँडलर यांनी १९६१ मध्ये दाखविले. पुढे एडिंबरा येथे ॲलन डिकिन्सन, ह्यू फ्रेझर आणि मॉइरा ब्रूस यांनी त्यातून उपप्रकार ओळखण्याची पद्धत विकसित केली. रोगट मेंढीच्या मेंदूचा अर्क ठरावीक जातीच्या उंदरांच्या मेंदूत टोचला जातो आणि दोन गोष्टी पाहिल्या जातात.

पहिली गोष्ट अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अवधी. एकाच जातीच्या उंदरांत तो आश्चर्यकारकरीत्या स्थिर राहतो. ‘एमई७’ हा उपप्रकार एका जनुकीय जातीच्या उंदरांत लवकर आणि दुसऱ्या जातीत उशिरा प्रकट होतो. ‘२२ए’ या उपप्रकाराचा क्रम याच्या नेमका उलट असतो.

दुसरी गोष्ट मेंदूतील हानीची मांडणी. मेंदूच्या करड्या भागातील ९ आणि पांढऱ्या भागातील ३ ठरावीक ठिकाणी पेशीजाल किती सच्छिद्र झाले आहे, यास गुण दिले जातात. त्यातून उमटणारा आलेख त्या उपप्रकाराची ओळख ठरतो.

ओळख का महत्त्वाची?

स्क्रेपी माणसाला होतो, असा पुरावा नाही. गायींचा बीएसई, अर्थात ‘मॅड काऊ’, मात्र माणसाला होतो. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आलेल्या नव्या मानवी मेंदूविकारामागे बीएसईचाच प्रायॉन असल्याचे १९९७ मध्ये या उंदीर-चाचणीनेही दाखवून दिले. त्या विकाराने एकट्या ब्रिटनमध्ये १७८ बळी घेतले.

साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला : स्क्रेपीच्या आडून मेंढ्यांतही बीएसई दडलेला आहे काय? १९९० च्या दशकाच्या आरंभी गोळा केलेल्या मेंढ्यांच्या मेंदूंवर ब्रिटनमध्ये चाचण्या झाल्या आणि निष्कर्ष बीएसईकडे झुकू लागले. तसे सिद्ध झाल्यास प्रसंगी देशातील सर्व मेंढ्या मारण्यापर्यंतची आपत्कालीन योजना सरकारने आखली. परंतु ऑक्टोबर २००१ मध्ये डीएनए तपासणीत ते मेंदू मेंढ्यांचे नसून गायींचे असल्याचे निष्पन्न झाले. उंदरांची साक्ष कितीही पक्की असली, तरी तिचे मोल मूळ नमुन्याच्या नोंदीवर अवलंबून असते, हा त्यातील धडा.

तरीही ती शंका निराधार नव्हती. फ्रान्समध्ये २००२ साली कत्तल झालेल्या एका बकरीस बीएसईच झाला होता, यावर जानेवारी २००५ मध्ये शिक्कामोर्तब झाले. मधल्या काळात उंदरांवरील चाचणी सुरू होती.

मर्यादा आणि पर्याय

ही पद्धत वेळखाऊ आहे. बीएसई लवकर प्रकट होणाऱ्या जातीतही लक्षणांसाठी सुमारे ११ महिने वाट पाहावी लागते. शिवाय काही उपप्रकार साध्या उंदरांत सहजी रुजत नाहीत. नॉर्वेत १९९८ मध्ये आढळलेला ‘नॉर९८’ हा वेगळ्या धाटणीचा स्क्रेपी त्यांपैकीच होय. त्यासाठी मेंढीचे प्रायॉन जनुक बसविलेले उंदीर वापरले जातात. झटपट निकालासाठी प्रथिनाचे रासायनिक पृथक्करणही केले जाते. मात्र संशयास्पद निकालाची खात्री करण्यासाठी उंदीर-चाचणीचा आधार घेतला जातो.

२०१० मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारतास बीएसईचा नगण्य धोका असलेल्या देशांत स्थान दिले. ते टिकविण्याचे काम गोठ्यापासून सुरू होते. मृत जनावरांचे मांस-हाडांचे चूर्ण गुरा-मेंढ्यांच्या खाद्यात न मिसळणे आणि चाल बिघडलेल्या, अंग घासणाऱ्या मेंढीची माहिती पशुवैद्यकास वेळीच देणे, ही त्यातील पहिली पायरी होय.