अमृत निघालं रतनवाडीत, वाटलं नेवाशात: भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती एक चक्कर

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की एकदा गाडी काढून फिरता येईल असा इतिहास सांग. तर आजचा भाग तसाच आहे. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता, शेंडीपासून निघून परत शेंडीत. अंतर साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. न थांबता गेलात तर दोन तासांचं काम, आम्हाला अख्खा दिवस लागला.

आम्ही म्हणजे मी आणि माझे मामा. माझं आजोळ राहात्याकडचं, प्रवरेच्या कालव्याखालचं. लहानपणापासून त्या घरात एक वाक्य ऐकत आलोय: "भंडारदऱ्यातून पाणी सोडलं का?" पाटाला आवर्तन आलं की रात्री-बेरात्री बॅटरी आणि फावडं घेऊन मामा बाहेर पडायचे. ऊस त्यावर, घर त्यावर, आणि खरं सांगायचं तर माझी बीटेकची फीसुद्धा त्यावर. आई-बाबांना कमी पडले तेव्हा मामांनी उसाच्या बिलातून दिले होते. आणि गंमत बघा, पासष्टी गाठलेल्या मामांनी भंडारदरा कधी पाहिलाच नव्हता! मेच्या शेवटच्या आठवड्यात मी पुण्याहून गेलो आणि म्हटलं, "मामा, चला, तुमचं पाणी कुठून येतं ते बघून येऊ." मामी म्हणाल्या, "न्या बाबा यांना, निदान एक दिवस तरी मोटारीजवळून हलतील."

संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. राजूरला पेढे घेतले, ते घ्यावेच लागतात. मग रंधा. इथे प्रवरा सुमारे १७० फूट खाली उडी घेते. मेमध्ये धबधबा कसला, ओला कातळच जास्त. शेजारी घोरपडादेवीचं ठाणं आहे, तिथे हात जोडले आणि शेंडीत पोचलो.

आधी धरण. काम १९१० च्या सुमारास सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ ला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हणून विल्सन डॅम. उंची ८२ मीटरच्या आसपास, साठा साधारण ११ टीएमसी. भिंत दगडी बांधकामाची आहे. तिच्या पायथ्याशी एका गोल कातळावरून पाणी छत्रीसारखं पसरून पडतं, तो 'अंब्रेला फॉल' तुम्ही फोटोत पाहिलाच असेल.

एक गोष्ट मात्र फोटोत कोणी सांगत नाही. १९६९ मध्ये या भिंतीला मोठ्या भेगा गेल्या आणि पाणी झिरपायला लागलं. दोनच वर्षांपूर्वी कोयनेचा भूकंप झालेला, त्यामुळे धसका केवढा असेल कल्पना करा. जलाशयाची पातळी खाली आणली आणि पुढच्या काही वर्षांत भिंतीला खालच्या बाजूने टेकू देणारे भक्कम खांब बांधले. माझ्या धंद्यात ज्याला चालू सर्व्हरवरची दुरुस्ती म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. बंद करता येत नाही, कारण खाली हजारो लोक त्यावर जगतायत. मामा ते खांब बराच वेळ बघत उभे होते. "तवा मी नऊ-धा वर्षांचा. आवर्तन लांबलं म्हणून आमचा बाप खवळलेला आठवतो. भिंत फुटायला आली होती हे कुठं ठाव होतं!"

आता वळसा. शेंडीतून मुतखेल, कोलटेंभे करत रस्ता रतनवाडीला जातो. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला पाणी. मे असल्यामुळे पाणी खूप आत गेलेलं, आणि काठावर तडे गेलेल्या चिखलाचा रुंद पट्टा. मामा म्हणाले, "एवढं खाली?" मी काही बोललो नाही. उन्हाळी आवर्तन नुकतंच होऊन गेलेलं. ते पाणी कुठे गेलं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ. साधारण हजार वर्षांपूर्वीचं, काळ्या दगडातलं, शिखरापासून खांबांपर्यंत कोरलेलं. शेजारी चौकोनी पुष्करणी, तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांत मूर्ती. बांधलं कोणी, तर लोक झंज राजाचं नाव घेतात. हा झंज गोष्टीतला नाही बरं का. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला खरा राजा. अल-मसुदी हा अरब प्रवासी ९१६ च्या सुमारास चौलला आला होता, त्याने तिथल्या राजाचं नाव झंज असंच लिहिलंय. झंजाने बारा शिवालयं बांधली असा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटात येतो. ती बारा देवळं बारा नद्यांच्या उगमांवर आहेत, ही पुढची जोड लोकपरंपरेची. अमृतेश्वर त्यातलं एक, कारण मागे उभ्या रतनगडावर प्रवरा उगम पावते.

आणि आता आजच्या भागाची मुख्य गोष्ट. प्रवरेला 'अमृतवाहिनी' म्हणतात. का? समुद्रमंथनातून अमृत निघालं. देवांची पंगत बसली, मोहिनी वाढायला उठली. राहू वेश बदलून त्या पंगतीत बसला, पकडला गेला आणि त्याचं मुंडकं उडवलं. त्याच्या गळ्यातून सांडलेलं अमृत वाहायला लागलं, ती प्रवरा, असं इकडे सांगतात. पुढची गंमत अशी की ही गोष्ट नदीबरोबर खाली वाहत जाते. राहूचं शिर पडलं ती राहुरी. काया पडली ते कायगाव, जिथे प्रवरा गोदावरीला मिळते. आणि मोहिनीने अमृत वाटलं ते नेवासं, तिथे मोहिनीराजाचं देऊळ आजही आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते हेच प्रवराकाठचं नेवासं, साल १२९०.

ही गोष्ट मी लहानपणी आजीकडून ऐकलेली, पण नकाशा समोर ठेवून कधी विचार केला नव्हता. रतनवाडीच्या देवळाबाहेर बसून पहिल्यांदा लक्षात आलं. अमृत निघालं इथे आणि पंगत बसली शे-दीडशे किलोमीटर खाली, नेवाशात.

देवळाबाहेर एका मावशींकडे चहा घेतला. त्यांनी मामांना विचारलं, "दादा, तुम्ही कुठले?" मामा म्हणाले, "राहात्याकडचे." त्या हसल्या. "मंग आमचंच पाणी पिता की!" मामाही हसले. मग मावशी सहज सांगत गेल्या. धरण झालं तेव्हा त्यांच्या सासरची खालची भातखाचरं पाण्यात गेली, आजेसासरे सांगायचे. पावसात इथे घराबाहेर पडता येत नाही, आणि होळीनंतर विहिरीला पाणी नसतं. त्यांच्या डोक्यावरचा हंडा आम्ही आल्या आल्या पाहिला होता, पण तळं समोर दिसत असल्यामुळे तो आमच्या डोक्यात शिरलाच नव्हता. तक्रारीचा सूर अजिबात नाही. पावसाळ्यात कुठला ओढा फुगतो ते सांगावं, तसं सांगितलं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला तो परत उचलला नाही.

पुढे साम्रद, तिथली सांदण दरी, मग घाटघर. इथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसतं. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. आमच्या राहात्याकडे वर्षभरात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इथे तो कित्येक पट. इथला वीज प्रकल्पही बघण्यासारखा आहे. एक तलाव वर, एक खाली कोकणच्या बाजूला. विजेची मागणी कमी असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की सोडून वीज करायची. क्षमता २५० मेगावॉट. म्हणजे या डोंगरातून पाणी पूर्वेला जातं आणि वीज सगळीकडे.

उडदावणे, पांजरे करत परत फिरताना कळसूबाई समोर येते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. कळसू नावाची पोर एका घरी कामाला राहिली, अट एकच: झाडणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस घरात पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावलीच. तिने ती घासली आणि डोंगरावर निघून गेली, परत आली नाही. वाटेवरची भांडी घासल्याची जागाही दाखवतात. आपण तिला देवी म्हणून पुजतो, पण गोष्ट मुळात मोडलेल्या कराराची आहे.

आणि याच मातीतला राघोजी भांगरे. देवगावचा, महादेव कोळी समाजातला, जन्म १८०५. इंग्रजी अमलात सावकाराच्या कागदाला कोर्टाचं बळ मिळालं आणि डोंगरातल्या जमिनी कर्जापायी जायला लागल्या. राघोजी उठला. त्याच्या बंडात सावकारांची नाकं कापल्याच्या नोंदी जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये आहेत. नीट वाचलं तर दिसतं की राग कागदावर होता, कर्जखतांवर होता. जानेवारी १८४८ मध्ये तो पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. नकाशावर हा जलाशय कित्येक वर्षं 'आर्थर लेक' होता. २०१४ मध्ये सरकारने त्याला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव दिलं. चांगलं झालं, व्हायलाच हवं होतं. पण नाव बदललं म्हणून मावशींची विहीर भरली असं काही झालं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग धरण नको होतं का? असं मी म्हणत नाहीये, मला म्हणताही येणार नाही. याच पाण्यामुळे ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा कालवा राहाता-श्रीरामपूरकडे गेला, उजवा राहुरीकडे. त्या पाण्यावर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५०-५१ चा पहिला गळीत हंगाम. गावागावांत शाळा, दवाखाने, कॉलेजं आली. मी स्वतः त्याच पंगतीत जेवलोय. आपल्याकडे शाळेत सहकाराचा धडा शिकवला जातो, तो कारखान्याच्या गेटपासून सुरू होतो. माझी तक्रार एवढीच आहे की तो रतनवाडीपासून सुरू व्हायला हवा.

अंधार पडताना झाडांवर काजवे लागले आणि मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागली. आम्ही उलट दिशेने निघालो. मामा अकोल्यापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "त्या बाईनं पैसे घेतले न्हाईत चहाचे." मी म्हटलं, "मी दिले हो मामा." "तसं न्हाई रे," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

नंतर पावसाळा गेला, रब्बीचं आवर्तन सुटलं. मामांचा फोन आला. आधी ते सांगायचे, "पाणी सुटलं." या वेळी म्हणाले, "रतनवाडीचं पाणी आलं बघ."

तर मंडळी, तुम्ही जाल तेव्हा काजव्यांसाठी जरूर जा, पण झाडाखाली गाडीचे दिवे बंद ठेवा आणि रतनवाडीत चहा प्या. आणि तुमच्या नळाला, तुमच्या पाटाला पाणी कुठून येतं, तिथली काय गोष्ट सांगतात, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात त्यातली एक घेऊ. तोपर्यंत, रामराम.