छापखान्यातील गुरुपरंपरा

ज्ञानेश्वरांचे गुरू निवृत्तिनाथ आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, हे कोणत्याही मराठी शाळेतील विद्यार्थी सांगू शकेल. ग्रंथकर्त्याला विद्या कोणाकडून मिळाली याचा शोध घेण्याची आपल्याकडे जुनी आवड आहे. परंतु ज्या अक्षरांतून हे ग्रंथ आज आपल्या हाती येतात, ती अक्षरे पोलादावर कोरणाऱ्या आणि शिशात ओतणाऱ्या हातांना ती विद्या कोणी दिली, हा प्रश्न आपल्या वर्गांतून क्वचितच निघतो. मुद्रण हा एक धंदा. धंद्यात मालक असतो, कारागीर असतो, गुरू कोठून असणार, अशी काहीशी समजूत यामागे असावी. ही समजूत खरी नाही असे आमचे मत आहे. देवनागरी मुद्रणाचा इतिहास यंत्रांच्या आधारे सांगता येतो, तसाच तो गुरुशिष्यांच्या आधारेही सांगता येतो. आणि आमच्या मते तोच अधिक खरा आहे.

या विद्येला गुरूची गरज का पडली, हे समजण्यासाठी तिचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. रोमन लिपीतील अक्षरे एकाशेजारी एक उभी राहतात. आपल्या लिपीत मात्र मात्रा आणि रफार डोक्यावर बसतात, उकार पायाशी लोंबतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येऊन उभी राहते, आणि जोडाक्षरांत तर एक अक्षर दुसऱ्याच्या अंगात शिरते. गोव्यात राहून मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स यांनी ही अडचण फार लवकर ओळखली होती. भारतीय लिपीत छपाई करण्याची परवानगी मागताना १६०८ च्या आपल्या पत्रात त्यांनी अशा लिपीला सहाशे साचे लागतात, पण ते दोनशेंवर आणता येतील, असा हिशेब मांडला होता. त्यांची इच्छा सफल झाली नाही. १६१६ मध्ये त्यांचा ग्रंथ राचोल येथे छापला गेला, तो रोमन अक्षरांत.

हे साचे तयार करण्याची रीत अशी. पोलादाच्या बारीक कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. त्या ठशाला पाणी देऊन तो कठीण करावयाचा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकून त्यात अक्षराची खोलगट आकृती उमटवावयाची. आणि मग तो तुकडा साच्यात बसवून शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतावयाचा. अशा रीतीने एक खिळा तयार होतो. त्याची उंची केसभर चुकली तर कागदावर अक्षर पुसट उमटते, रुंदी चुकली तर ओळ विस्कटते. कांबीवर कानस किती दाबावी, पाणी केव्हा द्यावे, रस कितपत तापला म्हणजे ओतावा, या गोष्टी पोथी वाचून येत नाहीत. जाणत्याच्या शेजारी बसून, त्याचा हात पाहूनच त्या शिकाव्या लागतात.

या परंपरेचा पहिला मोठा धागा बंगालात सापडतो. चार्ल्स विल्किन्स यांनी हॅलहेड यांच्या बंगाली व्याकरणासाठी खिळे तयार केले आणि ते व्याकरण १७७८ मध्ये हुगळी येथे छापले गेले. त्या कामी पंचानन कर्मकार हा लोहारकुळातील कारागीर त्यांच्या हाताखाली होता. पुढे पंचानन श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात गेला. तेथे नागरी अक्षरांचे काम हाती घेतले, तेव्हा सुमारे सातशे ठसे लागतील असा अंदाज निघाला. स्टीफन्स यांचा आकडा आठवावा. हे काम अर्धवट असतानाच, १८०४ च्या सुमारास, पंचानन वारला. एखाद्या कोत्या वृत्तीच्या कारागिराने विद्या मुठीत ठेवली असती, तर त्याच्याबरोबर कामही संपले असते. पण पंचाननाने ती आपला जावई मनोहर याला आणि इतरांना मोकळ्या हाताने दिली होती. मनोहराने पुढे सुमारे चाळीस वर्षे श्रीरामपुरास अनेक लिप्यांचे खिळे घडविले. कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये नागरी अक्षरांत, आणि मराठी कोश १८१० मध्ये मोडी अक्षरांत प्रसिद्ध झाला, तो याच छापखान्यातून.

याच १८०५ साली आपल्या मुलखातही एक प्रयत्न झाला. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या प्रेरणेने एक तांबट नागरी अक्षरे कोरण्यास शिकला होता. १८०० मध्ये नाना फडणीस वारल्यावर तो मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयास गेला, आणि तेथे त्याने कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. हे काम अभिमानास्पद खरे. पण त्या एका गीतेतून छापखाना उभा राहिला नाही. श्रीरामपूर आणि मिरज या दोहोंची तुलना केली म्हणजे दिसते की कौशल्य दोन्हीकडे होते, आश्रय दोन्हीकडे होता. शिष्यांची रांग मात्र एकीकडेच होती.

बंगालातील हा धागा मुंबईस येऊन पोचला तो अमेरिकन मिशनच्या छापखान्यामुळे. मिशनरी बार्डवेल हे मुद्रणकला जाणणारे होते. कलकत्त्याहून आणविलेले यंत्र आणि नागरी खिळे यांच्या बळावर १८१७ मध्ये तेथे मराठी छपाई सुरू झाली. पुढे याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी जीवनवल्लभ या कारागिराच्या साहाय्याने मराठी व गुजराती अक्षरे नव्याने घडविली. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. पण हेतू कोणताही असो, त्या कारखान्यात शिरलेला मुलगा विद्या घेऊन बाहेर पडत असे. या दृष्टीने आम्ही त्या छापखान्याला मराठी मुद्रणाची पहिली शाळा म्हणतो.

या शाळेतून दोन प्रकारचे शिष्य निघाले. पहिले गणपत कृष्णाजी. मिशनमधील काम पाहून स्वतःचा छापखाना काढण्याचा त्यांना ध्यास लागला. त्यांनी शिळेवरील छपाईची साधने स्वतः जमविली, शाईचे प्रयोग केले, आणि १८३१ मध्ये मराठीतील पहिले छापील पंचांग काढले. छापील पोथीचा विटाळ मानणाऱ्या काळात पंचांग छापण्यास किती धैर्य लागले असेल, याची कल्पना करावी. गोव्याहून मुंबईस आलेले आणि स्वतः शिक्षक असलेले गोविंद नारायण माडगावकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या ग्रंथात गणपत कृष्णाजींच्या खटपटीची हकीकत आवर्जून नोंदविली आहे. गणपत कृष्णाजी हे मुद्रणकलेतील एकलव्य होत. पाहून शिकले, आणि अंगठा शाबूत ठेवून शिकले.

दुसरे शिष्य जावजी दादाजी चौधरी. १८३९ मध्ये मुंबईत एका गरीब मराठा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. दहाव्या वर्षाच्या सुमारास ते मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. पगार दरमहा दोन रुपये. ओतलेल्या खिळ्याच्या कडा घासून साफ करणे हे कारखान्यातले सर्वांत खालचे काम. पण दिवसभर हजारो खिळे बोटांखालून गेले, की कोणता खिळा निर्दोष आणि कोणता सदोष हे डोळ्यांआधी बोटे सांगू लागतात. ग्रॅहम यांच्या हाताखाली या मुलाचा असा पाया घातला गेला. पुढे आणखी काही छापखान्यांत अनुभव घेऊन जावजींनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. ठसे कोरण्यात निष्णात असलेले त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांचा हात त्यास लागला. १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना उभा राहिला.

निर्णयसागराने काय केले हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून तेथून निघू लागले. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली, आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध, स्वच्छ प्रती अभ्यासकांच्या हाती पोचल्या. पण याहून मोठे कार्य अक्षरांचे. ‘अ’, ‘झ’, ‘ण’ यांची जी वळणे आज आपण लिहितो, ती मुंबईच्या खिळ्यांनी स्थिर केली. उत्तरेकडील छपाईत ही अक्षरे वेगळ्या वळणाची असत; आज हिंदी पुस्तकांतही बहुधा मुंबईचीच वळणे दिसतात. ज्याला शाळेचा लाभ फारसा झाला नाही, त्या मुलाच्या कारखान्याने देशभरच्या शाळांना अक्षरे पुरविली. जावजी १८९२ मध्ये वारले, आणि छापखान्याचा भार त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी उचलला.

शिशाच्या खिळ्यांचे युग आता संपले आहे. आमच्या पिढीने शाळेच्या प्रश्नपत्रिका गावच्या छापखान्यात जुळविल्या जाताना पाहिल्या. आमच्या विद्यार्थ्यांना खिळा म्हणजे भिंतीत ठोकण्याचा एवढेच ठाऊक असते. यंत्र बदलले याचा शोक करण्याचे कारण नाही. संगणकावरील ‘मंगल’ या नागरी अक्षरमालेचे रचनाकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) हेही मुंबईच्या आय. आय. टी.त अध्यापन केलेले होते, म्हणजे पोलादाची कांब गेली तरी अक्षराला गुरू लागतोच. परंतु खिळ्यांच्या युगातील गुरूंची आठवण मात्र झपाट्याने पुसट होत आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ग्रंथकर्त्याचे नाव असते, शेवटी मुद्रकाचे असते. अक्षर कोरणाऱ्याचे आणि त्याला कोरावयास शिकविणाऱ्याचे कोठेच नसते. कोशातून आणि चरित्रांतून जावजींसारख्यांची नावे तरी राहिली. इंदूर, बेळगाव, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी मराठी अक्षरे जुळवीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्यापैकी काही वृद्ध अजून आपल्यात आहेत. ‘आपण हे काम कोणाजवळ शिकलात?’ असा साधा प्रश्न त्यांना विचारून उत्तर लिहून ठेवणे, हे साहित्यसंस्थांचे आणि आम्हां शिक्षकांचे काम आहे. त्या उत्तरांत आपल्या भाषेच्या इतिहासाचे एक प्रकरण आहे, आणि ते सांगणारी माणसे फार काळ थांबणार नाहीत.