मास्टर विठ्ठल : तलवारबहाद्दर नटाचें उत्तरवय



ज्या नटाची कीर्ति मनगटाच्या बळावर उभी असते, त्यानें वय झाल्यावर काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न मनोरंजनाच्या क्षेत्रांतला दिसतो खरा. परंतु अंगमेहनतीवर जगणाऱ्या प्रत्येकास तो केव्हां ना केव्हां गांठतोच. त्याचें उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. कोल्हापुरच्या चित्रसंस्थेंत उमेदवारी करून पुढें साऱ्या हिंदुस्थानांत गाजलेल्या मास्टर विठ्ठल यांच्या चरित्रांत तो प्रश्न अगदीं उघड दिसतो.

प्रथम तालमीकडे पाहूं. ज्या शाहू महाराजांनीं आमच्या राधानगरीस भोगावतीवर धरण बांधावयास घेतलें, त्यांनींच कोल्हापुरांत खासबागेचें कुस्तीचें मैदान उभें केलें. तें १९१२ सालीं खुलें झालें. कुस्तीबरोबर दांडपट्टा, विटा, फरी-गदका, लाठी हे मर्दानी खेळही या भागांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. या तालमींत वयाची सोय मोठी शहाणपणाची आहे. गडी थकला म्हणजे तो घरीं बसत नाहीं. तो वस्ताद होतो. वस्ताद शिष्यास सर्व डाव शिकवितो आणि एक राखून ठेवतो, ही गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा अर्थ मला असा वाटतो कीं, कांहीं डाव असे असतात कीं ते वय झाल्यावांचून हातीं येत नाहींत.

चित्रपटानें तालमींतलें कसब उचललें. वस्तादाची जागा मात्र त्यानें ठेवली नाहीं. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२३ सालीं ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्यांत वृद्ध शेलारमामाचें काम केलें तें व्ही. शांताराम यांनीं. शांताराम १९०१ सालचे. म्हणजे ऐन विशींतल्या तरुणानें पिकल्या मिशा लावून म्हातारा वीर रंगविला. काम गाजलें, आणि तें योग्यच होतें. तथापि खऱ्याखुऱ्या थकलेल्या वीरास त्याच्या वयाचीच भूमिका देऊन तीवर सारा चित्रपट तोलावा, असें फार क्वचित्‌ घडलें.

याच कंपनींत विठ्ठल चित्रफितींचें संकलन शिकत असत व बारीकसारीक कामें करीत असत. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’ या मूकपटांत ते नर्तकीच्या वेषांत झळकले. पुढें मुंबईस शारदा कंपनीनें त्यांस नायक केलें. १९२६ सालचा ‘रतन मंजिरी’ हा त्यांपैकीं पहिला. तलवारीचे हात, घोडदौड, उंचावरून उड्या यांनीं त्यांनीं प्रेक्षकांस वेड लावलें. लोक त्यांस हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणूं लागले. मूकपटांत शब्दाचें काम देहच करी, आणि विठ्ठलांचा देह बोलका होता.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट लागला. नायक मास्टर विठ्ठल होते. त्यांनीं शारदा कंपनी सोडली म्हणून कज्जा झाला, व त्यांत त्यांची बाजू बॅरिस्टर जीनांनीं मांडली. यावरून या नटाचें मोल किती होतें तें ध्यानीं येईल. परंतु बोलपटास जिभेची तालीम लागे. विठ्ठलांची हिंदुस्थानी भाषा चांगली नव्हती. म्हणून राजपुत्राची भूमिका बरीचशी बेशुद्धावस्थेंत दाखवावी लागली, असें सांगतात. बोलपटाच्या पहिल्या नायकानें शक्य तों बोलूं नये, असा हा विलक्षण योग होता.

त्यानंतर ते साहसपटांकडे वळले, आणि पुढें मराठी बोलपटांत आले. भालजी पेंढारकर यांचा १९३९ सालचा ‘नेताजी पालकर’ आपणांपैकीं जुन्या मंडळींनीं ऐकला असेल. स्वभाषा व शिवकाल दोन्ही लाभल्यानें त्यांस येथें हक्काचें मैदान मिळालें. परंतु वय वाढत गेलें तशा भूमिका लहान होत गेल्या. नायकाच्या जागीं नवे गडी आले आणि विठ्ठल दुय्यम कामांत उभे राहूं लागले. १९६९ सालीं त्यांचें निधन झालें.

ज्याच्या नांवानें त्यांस ओळखीत, त्या फेअरबँक्सची कथा निराळी नाहीं. त्यानें १९३४ सालीं, पन्नाशी उलटल्यावर, शेवटच्या चित्रपटांत उतारवयांतल्या डॉन जुआनची भूमिका केली. लोक डॉन जुआनास मेला असें समजतात, आणि तो परत येऊन ‘मीच तो’ म्हणूं लागला तर कोणी विश्वास ठेवीत नाहीं, असें तें कथानक. नटाचें स्वतःचें दुःखच त्यांत होतें. पण चित्रपट चालला नाहीं.

अलीकडे मात्र एक उदाहरण वेगळें घडलें. चिनी युद्धकलेच्या हसऱ्या कसरतींनीं जगप्रसिद्ध झालेला हाँगकाँगचा जॅकी चॅन १९५४ सालचा. त्यानें २०१७ सालीं साठी ओलांडल्यावर ‘द फॉरेनर’ या रहस्यमय चित्रपटांत लंडनमधील एका उपाहारगृहाच्या मालकाचें काम केलें. मुलगी बाँबस्फोटांत मरते. अधिकारी दाद देत नाहींत. तेव्हां बाप स्वतःच गुन्हेगारांचा माग काढतो. येथें तो हसत नाहीं, वाकून चालतो, मार लागला तर कण्हतो. हातपाय अजून शिकलेले आहेत, परंतु प्रेक्षक पाहतो तो त्याचा चेहरा. वस्तादानें राखून ठेवलेला डाव म्हणतात तो हाच.

विठ्ठलांपाशीं असा डाव नव्हता असें कोण म्हणेल? त्याची परीक्षाच झाली नाहीं. त्यांच्यासाठीं कोणी तसा बाप, तसा निवृत्त सरदार, तसा अपमानित वृद्ध लिहिला नाहीं. आणि हानि येथेंच थांबत नाहीं. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं, म्हणजे त्यांचें तारुण्य आपण जपलें नाहीं, व त्यांचें वार्धक्य आपण वापरलें नाहीं.

तालमीच्या ओट्यावर बसलेल्या वृद्धास आत येणारा प्रत्येक पोरगा आधीं वाकून नमस्कार करतो, मग लाल मातींत उतरतो. ही रीत आपल्या गांवोगांवीं अजून आहे. चित्रपट लिहिणाऱ्यांनीं व पाहणाऱ्यांनींही ती उचलावी, आणि थकल्या वीरापुढें उडी मारण्याची मागणी न ठेवतां त्यास त्याच्या वयाचें काम मागावें, एवढेंच माझें सांगणें आहे.